कुणाच्याही हातून न मरणारी जास्वंद

॥ श्री ॥

बोरिवली, ता. ९ नोव्हेंबर १९५५

चि. नंदू यास तात्याचे अनेक आशीर्वाद. (तू बावन्न वर्षांचा झालास, तुला नातवंडं झाली, पण बायकोच्या धाकट्या भावाला चिरंजीव नाही तर काय लिहायचं, ते मला चौथीपर्यंत कुणी शिकवलं नाही, आणि पुढे मी शिकलो नाही.) तुझी कंबर कशी आहे? सौ. क्षमाचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. माझं पोट साफ नाही, उजव्या कानात दिवसभर जातं फिरतं, आणि मागच्या भिंतीला एक चीर पडली आहे ती मोठी होते आहे असं मला वाटतं. (रोज पेन्सिलीनं खूण करतो. अजून वाढलेली नाही. पण वाढणारच.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे एक झाड. मला असं एखादं फुलझाड सांग की जे एकदा लावलं की वर्षानुवर्षं जगेल, बारा महिने फुलेल, ऊन, पाऊस, गाईगुरं कशाला दाद देणार नाही, आणि मुख्य म्हणजे मी त्याची निगा राखली तरी मरणार नाही. शेवटची अट सगळ्यांत कठीण आहे. का, ते पुढे लिहितो. ते वाचून झाल्यावर पत्र चुलीत टाक.

तुला ठाऊकच आहे, लग्न होऊन येताना तुझ्या ताईनं माहेराहून दोन गोष्टी आणल्या. एक पितळी गणपती आणि दुसरी तुमच्या विहिरीजवळच्या लाल जास्वंदीची फांदी. त्या झाडाचं एक फूल रोज सकाळी त्या गणपतीला, हा तिचा एकेचाळीस वर्षांचा नेम. गिरगावात आमच्या खोलीपुढच्या गॅलरीत ती जास्वंद रॉकेलच्या डब्यात वाढली. ऊन घटकाभर, पाणी भांडी विसळलेलं. तरी फूल चुकलं नाही. आमची दोन्ही पोरं गेली तेव्हा सुतकात शेजारणीकडून वाहवून घेतलं, पण फूल ह्याच झाडाचं. मी गोदीतून सुटलो, इथे दोन खोल्या आणि चार हात अंगण घेतलं, झाड डब्यातून जमिनीत उतरलं आणि माझ्या डोक्याएवढं झालं. मग ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. झाडाचं सगळं माझ्याकडे आलं, आणि तिथून झाडाचे दिवस भरले. नंदू, तुझ्या वडिलांच्या अंगणातली जास्वंद मी मारली.

वैशाखात फुलं लहान येऊ लागली. आमच्या गल्लीत सोनूबाई म्हणून गोराईची कोळीण टोपली घेऊन येते. (आमच्याकडे नाही. शेजारच्या रामनाथ कामतांकडे. ते सारस्वत, त्यांना चालते.) तिनं कुंपणावरून झाड पाहिलं नि म्हणाली, "तात्या, मासली कापल्यावर जे उरतं ना, ते घाल झाडाच्या मुलाशी. फुलं वेचून दमशील." मी कानांवर हात ठेवले आणि मग तीन दिवस दुसरा विचारच सुचला नाही. पण ओली मासळी म्हणजे वास, माशा, मांजरं, आणि कामतांच्या खिडकीसमोर मी घेणार कशी? म्हणून अक्कल चालवली. दहिसरला, जिथे मला कुणी ओळखत नाही, तिथे जाऊन सुके बांगडे आणले. सुकं म्हणजे स्वच्छ, असा माझा समज. त्यांना मीठ लावतात हे मला कोण सांगणार? आपल्या घरात कैरीपलीकडे कुणी काही खारवलं आहे का? वीस बांगडे मुळाशी पुरले आणि लवकर मुरावेत म्हणून वरून भरपूर पाणी घातलं. आठव्या दिवशी पानं कडेनं करपली. पंधराव्या दिवशी नुसत्या काटक्या. सोनूबाईनं पाहिलं आणि टोपली खाली ठेवून कपाळावर हात मारला. "ओलं बोलले रे मी, खारं नाय! झाड लावलंस का लोणचं घातलंस?" त्या पंधरवड्यात तुझी ताई रोज विचारायची, हा वास कसला? (डोळे गेल्यापासून नाक फार आलं आहे.) मी कामतांचं नाव सांगत होतो.

आणि त्याच कामतांच्या कुंपणावरची जास्वंद गेले पाच महिने मी पहाटे तोडतो आहे, आधी आधी चोरून. आपली एकेरी, पाच पाकळ्यांची. त्यांची दुहेरी, गेंदेदार. पहिल्याच दिवशी ताईनं फूल बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "जड झालंय." मी म्हटलं, खत घातलं ना. ती म्हणाली, "बरं." ते "बरं" अजून माझ्या कानात आहे, त्या जात्याच्या शेजारी. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी कामतांनी मला धरलं. मी कुंपणात खांद्यापर्यंत हात घातलेला, आणि पलीकडे ते काठी उगारून उभे. म्हणाले, "तात्यासाहेब, दारातून या हो! मला वाटलं धामण आहे. आत्ता हाणली असती." माणूस सज्जन आहे, त्यानं मला रोज एक फूल मोकळं करून दिलं, आणि हेच माझ्या जिवाला लागलं आहे. कारण ज्याचं झाड त्याला पुण्य, असं तुझे वडील सांगत. ते खरंच असावं. ह्या पाच महिन्यांत कामतांना नातू झाला, त्यांचा दमा गेला, जावयाला बढती मिळाली. नेम तुझी ताई करते, आणि आमच्या भिंतीला चीर पडते.

म्हणून मी दुसरं झाड शोधायला लागलो. सदाफुली कुठेही जगते म्हणतात, पण सोनूबाई म्हणाली की त्यांच्याकडे ती मसणवटीच्या वाटेवर आपोआप येते. ते ऐकल्यावर मी दोन दिवस तिकडे पाहिलं नाही. कण्हेर मरत नाही, पण खाणारा मरतो, आणि मला विसरभोळेपणा फार. पारिजातक चांगला, पण त्याला धड फुलायला वर्षं हवीत आणि मला सदुसष्टावं चालू आहे. रातराणीखाली साप येतात. गुलबक्षी मी लावली. ती उगवली, फुललीसुद्धा, पण फुलते संध्याकाळी, आणि सकाळी पूजेच्या वेळी माझ्यासारखी मान टाकून बसते. (पूजा संध्याकाळी कर, असं मी ताईला सुचवून पाहिलं. तिनं फुलासाठी हात पुढे केला.)

शेवटी गोरेगावला एका स्टुडिओच्या फाटकातून मला अशी बाग दिसली की मी जागीच उभा राहिलो. ओळीनं लाल, पिवळी, पांढरी फुलं, एक पान सुकलेलं नाही. महादू म्हणून तिथला माळी होता, त्याला विचारलं, बाबा, ही कोणती झाडं? तो म्हणाला, "कागदाची. पाणी लागत नाय, खत लागत नाय, फक्त पावसात आत न्यायची." त्यानं एक लाल फूल मला देऊ केलं. मी घेतलं. (खिशात आहे. तिची बोटं त्याला फसणार नाहीत, हे मला कळतं, तरी टाकवत नाही.) मग खरं झाड विचारलं तर म्हणाला, "तात्या, सगळ्यात चिवट म्हणशील तर जास्वंद. ती कोणाच्या हातून मरत नाय." मी तिथल्या दगडावर बसलो. त्यानं मला पाणी पाजलं.

आता खरी अडचण. येत्या १४ डिसेंबरला मुंबईच्या इस्पितळात ताईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात, महिन्यादीडमहिन्यात जाड चष्म्यातून तिला अंगण दिसेल. कामत पेढे मागतात आणि मला घाम फुटतो. एवढ्या वर्षांनी डोळे उघडून तिला काय दिसणार? खड्डा, आणि खड्ड्याशेजारी मी. तेव्हा लौकर सुचव. मुलाबाळांस आशीर्वाद.

तुझा,
तात्या

ता. क. सुचवणं राहू दे. विहिरीजवळची मूळ जास्वंद अजून उभी असेल तर तिचीच फांदी पाठव. पेन्सिलीएवढी जाड हवी, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बोटीनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी.

ता. क. कुणाबरोबर नको. तूच ये. फांदी हे निमित्त समज. ऑपरेशनच्या आधी एका कागदावर माझी सही घेणार आहेत. त्यावर "काही बरंवाईट झाल्यास" असं छापलेलं आहे. तेवढंच वाचलं, पुढचं वाचलं नाही. ती सही मला एकट्याला करवणार नाही. माझ्या हाताचा गुण काय आहे ते वर लिहिलंच आहे. तेराला सकाळपर्यंत पोच.

ता. क. ताई आतून विचारत होती, एवढं काय लिहिताय? मी म्हटलं, अंगण जरा मोकळं वाटतं, नंदूकडे एखादं झाड मागतोय. ती म्हणाली, "जास्वंदच मागवा. आणि दोन फांद्या आण म्हणावं त्याला. एक तुम्हाला मारायला." तेव्हा दोन आण. (तीन जमल्या तर बरं.)