अवनीशी कनेक्शन

५ जानेवारी, रविवार
आज पुन्हा तेच. अवनी आणि मी एका ऑनलाइन गेममध्ये बेट वसवतोय. ती पुण्यात, आईकडे. मी इथे गाझियाबादला. वेगळं व्हायचं ठरल्यावर अश्लेषा तिला घेऊन गेली, तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी सकाळी बेटावर भेटतो. आज मी पुलावर चढलो आणि तिथेच थिजलो. अवनी म्हणाली, "बाबा, आवाज तुटतोय." पुढचं ऐकूच आलं नाही.
आमच्या दोघांत काही प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम राउटरचा आहे.

६ जानेवारी, सोमवार
ऑफिसात नेटवर्कवाल्या हरिदासला विचारलं. म्हणाला, गेममध्ये 'नॅट टाइप: स्ट्रिक्ट' दिसतं का बघ. दिसतं. म्हणजे आमचा राउटर सोसायटीच्या गेटवरच्या खडूस गार्डसारखा. अवनीचा आवाज बाहेरच ताटकळतो. राउटरमध्ये 'यूपीएनपी' चालू केलं की गेमला हवा तो दरवाजा आपोआप उघडतो म्हणे. पाच मिनिटांचं काम. शनिवारी निवांत करीन.

११ जानेवारी, शनिवार
राउटरचा पासवर्ड आठवेना. अश्लेषाने ठेवला होता. तिला विचारणं बरं दिसलं नसतं. रीसेटचं बटण दाबलं.

१२ जानेवारी, रविवार
घरात नेटच नाही. हेल्पलाइनवर नुसती बासरी. शेवटी पुण्याला फोन केला. अश्लेषाने उचलला. अवनी बाहेर गेली होती. म्हणजे तिचा खोळंबा झाला नाही. एका अर्थी बरंच झालं.

१४ जानेवारी, संक्रांत
नेट आलं. यूपीएनपी चालू. तरी स्ट्रिक्ट.
हरिदासने विचारलं, घरी डबे किती? दोन. एक नेटवाल्या कंपनीचा, त्याला जोडलेला दुसरा माझा, खास गेमसाठी घेतलेला. तिथेच घोळ आहे म्हणाला. दोन्ही राउटरच, एकाने दार उघडलं तरी दुसऱ्याचं बंदच. कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून घे, म्हणजे तो मध्ये पडणार नाही.
मग म्हणाला, "यार, एवढं करतोस त्यापेक्षा तिकीट काढ ना पुण्याचं." मी म्हटलं, आधी हे मार्गी लागू दे.

१९ जानेवारी, रविवार
कंपनीने ब्रिज मोड अजून केलेला नाही. आजचा सगळा वेळ "ऐकू येतंय?", "आता?", "आणि आता?" यातच गेला. माझा माणूस उलटा चालत समुद्रात पडला तेव्हा अवनी खूप हसली. पण बोलणं असं झालंच नाही. लाइन सुधारली की होईल. काय काय विचारायचं ते मनाशी ठरवून ठेवलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार
ब्रिज मोड झाला. नॅट टाइप: ओपन. हरिदासला मिठाई दिली. आता मागे वळून बघायला नको.

२६ जानेवारी, रविवार
आवाज इतका स्वच्छ की अवनी शेजारच्या खोलीत आहे असं वाटलं. त्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली.
शाळा कशी आहे विचारलं. चांगली. मैत्रिणी झाल्या का? झाल्या. थंडी आहे का? आहे थोडी. ठरवलेलं सगळं एवढ्यात संपलं. मग ती कुंपण बांधत राहिली, मी तिला लाकडं आणून देत राहिलो.
मग म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावणार नाही ना?"
पूर्वी मला 'तू' म्हणायची.
मी म्हटलं, बिल्कुल नाही. तेव्हा सांगितलं. रविवारी सकाळी तिची बास्केटबॉलची प्रॅक्टिस असते. दिवाळीपासून. टीममधल्या सगळ्या जातात.
"आई म्हणाली, बाबा एवढी खटपट करतायत, त्यांचं नीट लागेपर्यंत थांब. आता लागलं ना?"
मी म्हटलं, हो, लागलं.
"मग मी जाऊ?"
जा म्हटलं. तिने कुंपण पुरं केलं, बाय म्हणाली आणि गेली. मी बराच वेळ बेटावर उभा होतो. कनेक्शन एकदाही तुटलं नाही.