जेवलात का तुम्ही?

आई गं,

शेवटच्या वर्षाला सरांनी ‘माझी भाषा, माझी ओळख’ यावर लिहायला लावलं होतं. मी लिहिलं, आई मला ‘कार्टे’ म्हणते तेव्हाच मी कोण आहे ते मला कळतं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं.

पदवी मिळाली, आणि तू फोनवर विचारायला लागलीस, “जेवलात का तुम्ही?”

काल मी चिडले. “अगं, मी पाहुणी आहे का?”

“शिकल्यासवरल्या माणसाला अरेतुरे करू? आपल्या घरात पहिल्याच तुम्ही.”

हे पत्र पाठवणार नाही. तुला वाचता येत नाही. शेजारच्या काकू वाचून दाखवतील, आणि मी एका शिवीसाठी रडतेय हे ऐकूनही तू कौतुकानं म्हणशील, “किती छान लिहितात या!”

तुझी लेक