कुंकवाचं बोट आणि नवा कॅमेरा

दसरा, संध्याकाळ

मनगट अजून दुखतंय. दुखू दे.

भाच्याने लग्नांच्या शूटिंगसाठी मोठा मिररलेस कॅमेरा आणला. काल मी नुसता हात पुढे केला, तर म्हणतो, "आत्या, ऱ्हाऊ द्या. लय जड हाय. पडंल." परवा स्वतःचा फोन विहिरीत कोणी पाडला?

आज पूजेला त्याने लेन्स काढून पाटावर वेगळी मांडली. वहिनी सगळ्याला हळदकुंकू लावत आली आणि ओलं बोट थेट कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात घालायला निघाली. मी तिचा हात धरला.

"आत आरसा नसतो याला. सेन्सर उघडा आहे. कुंकू लागलं तर कॅमेरा गेला."

भाच्याचा चेहरा उतरला. "तुमाला कसं ठाऊक, आत्या?"

"पुस्तिका वाचली. तू खोक्यातच ठेवली होतीस."

वस्तूला हात लावण्याआधी वाचायचं, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण. मग वहिनीने कुंकू कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लावलं. लेन्स मीच बसवली, टक्‌ आवाज येईपर्यंत फिरवून. कोणी अडवलं नाही.

जड आहे, खोटं कशाला लिहू? पण डावा तळहात लेन्सखाली धरला की पेलतो. डोळ्याला लावला, तर वहिनीच्या डोळ्यावर फोकसचा चौकोन आपोआप जाऊन बसला.

"ताई, माझा कशाला काढायलाव?" म्हणत तिने पदर सावरला. फोटोत तिचं कुंकवाचं बोट तसंच वर आहे.

उद्या गोदावरीच्या घाटावर कॅमेरा नेणार. विचारणार नाही. भाच्याला काळजी वाटत असेल, तर त्याने पिशवी धरायला यावं.