फोटोपुरतं फळ

४ जून
आज ओकारीच यायची बाकी होती. या वृद्धाश्रमात आहारतज्ज्ञ म्हणून लागून आठवडा झाला. नाश्त्याला गव्हाचा गरम दलिया, प्रत्येक वाडग्यावर सफरचंदाच्या चार फोडी. दिसायला झकास. मॅनेजरने फोटो काढले — आणि मग काट्याने एकेक फोड परत उचलली, नळाखाली धुतली, डब्यात भरली. उद्याच्या फोटोला चालतील म्हणे. चाळीस म्हातारी माणसं चमचा धरून बघत बसलेली.

५ जून
त्याच फोडी. काळपट, कडेला कालचा दलिया वाळलेला. शी!

९ जून
मास्तरीणबाईंच्या हिरड्यांतून रक्त येतंय. (शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे तसंच म्हणतात.) वाडग्याच्या कडेला लाल ओघळ, पायांवर निळे डाग. मी नजर फिरवली, आणि फिरवली याचीही लाज वाटली. दलियात तंतू आहेत, ताकद आहे, पण क जीवनसत्त्व नाही. इथल्या जेवणात ते फळातूनच मिळायचं. आणि फळ तर डब्यात!
मॅनेजरला सांगितलं. म्हणाला, वय झालं की हिरड्या जायच्याच. वर ढेकर दिली. सफरचंदाची.

१० जून
पिशवीतून सहा पेरू नेले. चाळीस जणांत सहा — दर्यात खसखस. मास्तरीणबाईंना चावता येईना. कुस्करून भरवला. झोंबत होतं, तरी वाडगा चाटूनपुसून साफ केला त्यांनी.

१३ जून
उद्या आश्रमाच्या तपासणीला सरकारी साहेब येणार. सगळं सांगायचं ठरवलंय, नोकरी गेली तर गेली. मास्तरीणबाईंनाही म्हटलं, हिरड्या दाखवा. त्यांनी पदराने ओठ पुसले.

१४ जून
साहेबांनी पहिल्यांदा मास्तरीणबाईंनाच विचारलं. ओठ जेमतेम उघडून म्हणाल्या, फळ रोज मिळतं, पोटभर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हलकटासाठी खोटं बोलायचं? साहेब स्वयंपाकघरात गेले तसं मी बाईंना व्हरांड्यात गाठलं.
"तुम्ही संध्याकाळी घरी जाता," त्या म्हणाल्या. "हे बंद पडलं तर आम्ही कुठे जायचं? घरातली माझी खोली मुलानं भाड्याने दिलीय, बाळ."

१४ जून, संध्याकाळ
मग साहेबांनी मला आत बोलावलं. मीही तेच सांगितलं — रोज मिळतं.