गुरुवारी मी स्वतः नेतो

३ ऑगस्ट, सोमवार
आजपासून मोटरसायकल दुरुस्त करायची. कॉफी खात्यातून निवृत्त होताना घरी आणली, अकरा वर्षं केळीखाली उभी आहे. इंजिनावर कोंबडी अंडी घालते. अंडी काढली, कोंबडी हाकलली. निम्मं काम झालं.

फेरिस्टाची आई गावाकडे आजारी. जेवण सोडलंय. फेरिस्टा म्हणाली, उद्या बोडाने, भाड्याच्या मोटरसायकलवरून, जाते. म्हटलं, घरात गाडी असताना माझी बायको परक्याच्या मागे बसणार? मसाका शहरात तोंड दाखवायला जागा राहील का? गुरुवारी मी स्वतः नेतो. आमच्यात जावयाने सासूसमोर जायचं नसतं. फाटकाशी सोडून मागे फिरेन. तिने बोडाचे पैसे परत डब्यात ठेवले. पटलं.

५ ऑगस्ट
कार्बोरेटर खोलला. पेट्रोलमध्ये बुडवायला कच्च्या केळ्यांचं मातोके शिजवायचं पातेलं घेतलं. फेरिस्टाचा आरडाओरडा. यंत्रातलं तिला कळत नाही.
कोपऱ्यावरचा मेकॅनिक लुब्वामा कुंपणावरून म्हणाला, साहेब, ही गाडी नाही, खुराडं आहे. द्या इकडे, उद्या संध्याकाळी घेऊन जा. साफ नाही म्हणालो. याच्या बापाची कॉफी मी एकदा नापास केली होती. तो राग.

६ ऑगस्ट, गुरुवार
निघालो नाही. दोन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देत असाव्यात. किक मारून पाय सुजला.
मेव्हण्याचा फोन: आई सारखं फेरिस्टाचं नाव घेते. फेरिस्टा पिशवी भरून दाराशी उभी. म्हटलं, रविवारी नक्की. तिने बोडासाठी ठेवलेले पैसे डब्यातून काढून मी नवा प्लग आणला. तिच्याच आईसाठी ना?

८ ऑगस्ट, सकाळी साडेआठ
ठिणगी आली! निळी!! फेरिस्टाला हाका मारल्या. शेजारीण म्हणाली, ती पहाटेच निघाली, चालत. एकवीस किलोमीटर. एक दिवस धीर धरवला नाही. तिच्या माहेरी सगळेच उतावळे.

९ ऑगस्ट
सासूबाई काल सकाळी दहाला गेल्या. फेरिस्टा पोचली एक वाजता. बोडाने पाऊण तास लागतो, असं मेव्हण्याने फोनवर मुद्दाम सांगितलं. अशा वेळी लोकांना आकडे सुचतात तरी कसे?
मी काम थांबवलं नाही. दुःख कामात बुडवावं.

१० ऑगस्ट, दुपार
सुरू झाली!!! दफनाला वेळेवर पोचलो. सायलेन्सर लावायचा राहिला होता, त्यामुळे पाद्री प्रार्थना थांबवून बघत राहिले. सगळ्यांनी माना वळवल्या. फक्त फेरिस्टाने नाही.

नंतर कंपालाहून आलेल्या एका म्हातारीने तिला विचारलं, अगं, हा कोण? मी दोन हात अंतरावर उभा. फेरिस्टा म्हणाली, कुणी बोडावाला असेल.
दुःखात माणसाला ओळख राहत नाही.
म्हातारी लगेच मागे बसली. म्हणाली, स्टँडवर सोड बाबा, हळू चालव. नाही कसं म्हणणार? सोडलं.

सहा वाजता
स्टँडवरच आहे. गाडी बंद. तीन तास किक मारतोय. मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, ताई आता इथेच राहणार, तिची वाट पाहू नका.
भावाला काय माहीत? मागची सीट पुसून ठेवली आहे.