गच्चीवरची धूळ आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय धूमकेतूंची धूळ तपासणे (आता निवृत्त), राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. धाकट्या बहिणीचे याबाबत मत वेगळे आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मागे गच्चीच्या जिन्यावरून पडून पाय मोडला, तेव्हा पटले की माणूस काही धूमकेतू नाही, फिरून यायला. कोणाच्याही दडपणाखाली न येता, आणि धाकटीने दोनदा जेवायला हाक मारूनही न उठता, मी हे लिहीत आहे.

१. घर. हे घर माझ्या पगारातून बांधले. ते माझ्या पश्चात धाकटीकडे राहील, आणि तिच्यानंतर आमच्या भावाच्या मुलाकडे जाईल. पुतण्या मनाने चांगला आहे. मी पडले तेव्हा त्यानेच मला पाठीवर घेऊन खाली आणले. मात्र उतरता उतरता म्हणाला, "आत्या, एवढी मोठी गच्ची नुसती पडून आहे. एक मजला सहज चढेल."

मी म्हटले, "गच्ची पडून नाही रे, गच्चीवर पडतंय."

त्याला वाटले, मला ताप चढला आहे. तरी त्याला समजावे म्हणून लिहिते. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचे बर्फ उडते आणि आतली धूळ मोकळी होते. ती अवकाशात भटकत राहते, आणि त्यातली थोडी रोज पृथ्वीवर उतरते. नोकरीत असताना ती आम्ही उंच उडणाऱ्या विमानांच्या पंखांखाली चिकट पट्ट्या लावून पकडत असू. निवृत्त झाल्यावर विमान परवडेना, म्हणून गच्ची धरली. तेव्हा धाकटी हयात आहे तोवर पुतण्याने मोजमापाची टेप घेऊन वर चढू नये.

२. शिवणाचे टेबल. हे धाकटीचेच आहे, पण मी त्याच्यावर इतके अतिक्रमण केले आहे की लिहून परत केलेले बरे. धाकटीने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. यजमान गेल्यावर ती मशीन घेऊन माझ्याकडे आली, आणि मी प्रयोगशाळेतून येईपर्यंत माझा पसारा आवरून बसली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, शिकलीस एवढी, आणि काम काय, तर धूळ? ती मी रोज फुकट काढते."

एकदा गच्चीवरच्या पन्हळीतला गाळ धुऊन, चाळून मी या टेबलावर कागद पसरून वाळत घातला होता. त्यात एक दाणा होता, काळा, तुकतुकीत, गोल. वातावरणात वितळून थिजल्याखेरीज असा गोल होत नाही, आणि अशात लोखंड असते. मी चष्मा शोधायला आत गेले. परत आले तो टेबल लख्ख.

"इथलं काय पुसलंस?"

"धूळ."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? धुळीला काय गाव असतं?"

"असतं," मी म्हटले आणि खाली बसले.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. ओले फडके तसेच्या तसे परातीत टाकले आणि टाचण्या उचलायचे आपले लोहचुंबक पिशवीत गुंडाळून पाण्यातून फिरवू लागली. गिऱ्हाईक दारात ताटकळत होते. दोघींनी मिळून परातीतले पाणी गाळले, तेव्हा दाणा सापडला, निळ्या सुताच्या एका तंतूसह. पुढे त्याच्यावर माझा लेख छापून आला. धाकटीने विचारले, "फडक्याचं लिहिलंस का?" मी लिहिले होते, 'नमुना धुण्याच्या पाण्यातून वेगळा केला.' यात खोटे काय आहे?

तो दाणा आणि बरोबरच्या धुळीच्या सगळ्या डब्या धाकटीच्या. तिने विकाव्यात, वाटाव्यात किंवा पुसून टाकाव्यात. कोणी विचारले की हा नक्की धूमकेतूचाच का, तर तिने सांगावे की ताईलाही खात्री नव्हती. एखाद्या लघुग्रहाचाही असेल.

३. मोटार पुतण्याला. हॉर्न दुरुस्त करू नये, रस्त्यावर शांतता राहते.

४. दुर्बीणवाले. आमच्या संस्थेत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ शेवटच्या ग्रहापलीकडचे छोटे गोळे शोधत. निरनिराळ्या रात्रींचे फोटो शेजारी ठेवायचे आणि कुठला ठिपका सरकला ते बघायचे, हे त्यांचे काम. ते मला झाडूवाल्या बाई म्हणत, मी त्यांना ठिपकेवाले. चहा मात्र रोज एकाच टेबलावर. बऱ्याच वर्षांनी त्यांना स्वतःचा म्हणावा असा एक गोळा सापडला. चहा गार झाल्यावर म्हणाले, "समितीकडे गोळ्याचं नाव सुचवायचं आहे. तुमचं देऊ का?"

मी म्हटले, "थंड, काळपट, आणि सगळ्यांपासून लांब. माझंच नाव बरं आठवलं तुम्हाला."

ही थट्टा होती. शाळकरी पोरालाही कळली असती. त्यांनी तो नकार समजला, "बरं" म्हणाले आणि अर्ज फाडला. गोळा अजून नुसत्या क्रमांकावर फिरतो आहे. त्यांनी मला पुन्हा काहीही विचारले नाही, आणि विचारण्यासारखे अजून बरेच होते.

त्यांना माझा मायक्रोस्कोप द्यायचा होता. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. मग मी त्यांनाच फोन केला.

"मायक्रोस्कोप हवा, की सहीला येता?"

"येतो. किती वाजता?"

म्हणून त्यांना काहीही ठेवलेले नाही. मायक्रोस्कोप माझ्या जुन्या विद्यार्थिनीला मिळेल. नाव ही मिळकत धरत नाहीत, असे वकीलबाईंनी पुस्तक बघून सांगितले, तेव्हा ते द्यायला माझी हरकत नाही, आणि तेव्हाही नव्हती.

येणेप्रमाणे वाचून, समजून, दोन शुद्धलेखनाच्या चुका धाकटीने दाखवल्यावर दुरुस्त करून सही केली.

स्थळ: राहत्या घरी, शिवणाच्या टेबलावर.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले, हाडांचे डॉक्टर: (सही) शुद्धीवर आहेत. जिना चढू नये, हे पुन्हा सांगितले.

साक्षीदार दुसरे, दुर्बीणवाले: (सही) मजकूर वाचला. थट्टा होती हे आज कळले. अर्ज उद्या करतो. बाकीचे चहाला विचारीन.