पाच फितींचं पुस्तक आणि सहावी जागा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, धंदा डोळे तपासणे व चष्मे बनवणे, माझ्या दुकानामागच्या खोलीत बसून, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायको दाराशी उभी आहे, पण त्याला धाक म्हणत नाहीत, लक्ष म्हणतात.

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक तक्रार. रोजच्या प्रार्थनेच्या माझ्या पुस्तकाला छापणाऱ्यांनी पाच फिती दिल्या आहेत आणि खुणा सहा जागी ठेवाव्या लागतात. एक फीत नाताळाआधीचा आगमनकाळ चालू आहे की ईस्टरआधीचा उपवासकाळ त्यासाठी, एक रोज न बदलणाऱ्या भागासाठी, एक चार आठवड्यांत वाटलेल्या स्तोत्रांसाठी, एक संतांच्या दिवसांसाठी आणि एक ज्या संतांना स्वतःचं पान मिळालं नाही त्यांच्यासाठी. सहावी जागा मृतांसाठीच्या प्रार्थनेची. तिला फीत नाही. मृत माणसं कुठे पळून जात नाहीत, असा हिशेब छापणाऱ्यांनी केला असावा. अकरा वर्षं मी तिथे चष्म्याची काळी दोरी घालून भागवत आलो आहे. या अन्यायाची दाद मला कुठेच मिळाली नाही, म्हणून निदान इथे नोंद करून ठेवतो.

मृत्युपत्राचं कारण हर्निया. ऑपरेशन गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, संध्याकाळी चहा प्याल." बायको म्हणाली, "अहो, हर्नियासाठी कोणी मृत्युपत्र करतं का? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. मागे राहिलेल्यांना तेवढाच विरंगुळा.

कलम १. राहतं घर माझ्या पत्नीला तहहयात आणि तिच्यानंतर मुलीला. वरची खोली मात्र ताई हयात असेपर्यंत ताईची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय त्रेसष्ट, मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. तिला त्या खोलीतून हलवण्याचा कोणी विचारही करू नये. मी एकदा फक्त तिचं कपाट हलवायचं सुचवलं होतं, ते अजून ऐकतो आहे.

कलम २. दुकान, तपासणीच्या भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता आणि काचा घासायचं यंत्र मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे आणि गिऱ्हाइकाला ती "काय हो, इतके दिवस आंधळ्यासारखे फिरत होतात?" असं विचारत नाही. बारीक स्क्रूंची डबी तिने शिंकायच्या आधी बंद करावी. हा माझ्या सगळ्या अनुभवाचा अर्क आहे.

कलम ३. शेजारचा शिंपी पंधरा वर्षं सुईत दोरा ओवताना हात रस्त्यापर्यंत लांब करतो आणि "मला सगळं दिसतं" म्हणतो. त्याला वाचायचा एक चष्मा, अडीच नंबरचा, फुकट. (हे कलम रद्द. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असं समजल्यावर शिंप्याने चष्म्यावर पाणी सोडलं आणि साक्षीदार व्हायचं पसंत केलं. सही कुठे करायची ती जागा त्याला बोट धरून दाखवावी लागली.)

कलम ४. प्रार्थनेचं पुस्तक. घर आणि दुकान कोणालाही देता येतं. या मृत्युपत्रातला अवघड प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई आली त्याच महिन्यात आम्ही दोघांनी ठरवलं की सकाळ-संध्याकाळची प्रार्थना बरोबर म्हणायची. ही प्रार्थना दोन बाजूंनी म्हणतात. स्तोत्राचं एक कडवं इकडच्याने, पुढचं तिकडच्याने. म्हणजे माणसं दोन आणि पुस्तकंही दोन लागतात. आम्ही मठातल्या सिस्टरांच्या दुकानात पुस्तकं घ्यायला गेलो. दुकान सांभाळणाऱ्या सिस्टर वयस्कर होत्या आणि गिऱ्हाइकाला मी तपासतो त्याच पद्धतीने तपासत होत्या.

"सकाळी किती वाजता उठता?" त्यांनी मला विचारलं.

"साडेपाचला."

"खरं सांगा."

"सात."

"मग हे," असं म्हणून त्यांनी एका खंडाचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं. "सकाळ, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी. एवढं पुरे. दिवसभराच्या पूर्ण प्रार्थनेचे चार खंड नेणारे दोन प्रकारचे असतात. मठात राहणारे आणि दोन आठवड्यांत परत आणून देणारे."

ताईने चारही खंड घेतले. "अर्धवट काम मला जमत नाही," ती म्हणाली. सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, साडेपाचचा प्रश्न विचारलाच नाही आणि खंड बांधायला घेतले. ताई आजतागायत पावणेपाचला उठते.

इथे आम्ही दोघांनी मिळून एक घोडचूक केली. पुस्तकं उघडून शेजारी ठेवून पाहिली नाहीत. मजकूर तोच, पण पानांचे आकडे एकही जुळत नाहीत. पहिल्या संध्याकाळी ताईने वॉर्डात खाटेचा नंबर पुकारावा तसं पुकारलं, "सातशे चौऱ्याण्णव!" माझ्या पुस्तकात तिथे एका हुतात्म्याची प्रार्थना होती. मी ती प्रामाणिकपणे म्हणालो. तिने तिच्या पानावरचं कडवं म्हटलं, मी माझ्या हुतात्म्याकडून उत्तर दिलं. हे तिसऱ्या कडव्यापर्यंत चाललं.

पुढे सवय झाली. ती आपलं पान पुकारायची, मी माझं शोधायचो आणि तोवर ती घड्याळाकडे बघायची. माझ्या पुस्तकाला ती 'सारांश' म्हणते. "काढ तुझा सारांश," असं ती म्हणाली की समजायचं, सहा वाजले.

तर, माझ्यानंतर समोरच्या खुर्चीत बसून दुसरं कडवं कोण म्हणणार? एकट्याने दोन्ही बाजू म्हणता येतात, तशी मुभा आहे. पण ताई एकटी दोन्ही बाजू म्हणू लागली तर दुसऱ्या बाजूला ओरडायला कोणी उरणार नाही आणि तिची तब्येत बिघडेल.

मुलीचा विचार करून पाहिला. सगळी प्रार्थना तिच्या मोबाइलमध्ये आहे, फिती नकोत, पानं नकोत, आजचा दिवस आपोआप उघडतो. मागच्या वर्षी ती एकदा बसली. ऐन स्तोत्राच्या मध्यावर फोन वाजला. ताईने डोळेही उघडले नाहीत. "कोण आहे विचार. त्यालाही म्हणायचंय का?" मुलगी म्हणाली, "आत्या, मी खाली जाते." आणि गेली.

नंतर मला ताप आला तेव्हा बायको बसली. आमच्या पुस्तकांत म्हणायचा मजकूर काळ्या शाईत आणि सूचना लाल शाईत असतात. बायकोने सगळंच खणखणीत वाचलं. "येथे क्षणभर शांत राहावे," असंही म्हणाली.

ताई म्हणाली, "अगं, ते म्हणायचं नसतं. करायचं असतं."

"मग छापलंय कशाला?"

"करण्यासाठी."

"मी करतच होते ना ताई, तुम्हीच बोललात."

मी पलीकडच्या खोलीत तापात पडल्या पडल्या हसलो. आणि ताईचं हसू मला दाराआडून ऐकू आलं. तिला मी प्रार्थनेच्या वेळी हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सबब, एका खंडाचं माझं पुस्तक, पाच फिती आणि काळी दोरी यांसह, पत्नीला. अट एकच: संध्याकाळी सहा वाजता ते उघडलेलं असावं. बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बसेन. पण लाल अक्षरांतलं एखादं वाक्य आवडलं तर वाचणार." तशी परवानगी देण्यात येत आहे. नवं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक घ्यायचं कोणाच्या मनात आलं तर घेऊ नये. चष्मा बदलावा. आमचंच दुकान आहे.

कलम ५. हे कलम लिहायला मला दीड तास लागला आहे.

तीन वर्षांपूर्वी चर्चचे फादर घरी आले होते. त्यांच्यासमोर ताईने माझं पुस्तक वर धरून दाखवलं आणि म्हणाली, "फादर, हा आमचा सारांश. याने सगळंच आयुष्य सारांशात काढलंय." फादर हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी ताई दळण आणायला गेली असताना मी वरच्या खोलीत गेलो आणि तिच्या पुस्तकातली स्तोत्रांची फीत दुसऱ्या आठवड्यातून काढून तिसऱ्या आठवड्यात घातली.

कोणता आठवडा चालू आहे हे पंचांगासारखं एक कोष्टक असतं, त्यात पाहता येतं. पण चाळीस वर्षं जिच्या हातून एक गोळी चुकीच्या खाटेला गेली नाही, ती कोष्टक कशाला पाहील? सकाळी तिने तिसऱ्या आठवड्याचं पान पुकारलं. मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "ताई, दुसरा आठवडा चालू आहे."

वाटलं, भांडेल. मग मी हसेन, सांगेन, ती चिडेल, मिटलं. तिने कोष्टक काढलं, पाहिलं आणि फीत मागे घेतली. भांडली नाही. म्हणाली, "माझंच चुकलं. वय झालं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती म्हणाली, "आजपासून पान तूच सांग. माझा भरवसा नाही." दुसऱ्या दिवशी तिच्या कपाटावर पहिली चिठ्ठी आली: 'गॅस बंद केला का?' मग 'चावी खिळ्याला.' मग 'गोळी घेतली असल्यास येथे खूण करावी.' आता त्या खोलीची भिंत आमच्या दुकानातल्या तक्त्यासारखी दिसते. तीन वर्षं पान मी सांगतो आहे. तिला वाटतं, तिचं डोकं चालेनासं झालं. तिच्या डोक्याला काही झालेलं नाही. झालं होतं ते माझ्या.

हे ताईला माझ्या पश्चात वाचून दाखवावं आणि माझ्या वतीने क्षमा मागावी.

कलम ५ ची दुरुस्ती, त्याच दिवशी. दाराशी उभ्या असलेल्या व्यक्तीने वरचं कलम माझ्या खांद्यावरून वाचलं.

"म्हणजे तुम्ही मेल्यावर माफी मागणार?"

"कायदेशीररीत्या तसं..."

"वर जा."

"सहा वाजू देत. तसाही जाणारच आहे."

"आत्ता जा."

गेलो. पुस्तक हातात होतंच. ताई खिडकीशी बसून मोजे रफू करत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. खुर्चीपर्यंत गेलो असतो तर बसलो असतो आणि बसलो असतो तर हर्नियाबद्दल बोललो असतो.

तिने हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "दुसऱ्यातून तिसऱ्यात?"

"हो."

"मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं ठरवत होते मी. दोनदा नंबर लावला आणि भीतीने गेले नाही." सुई पिनकुशनमध्ये खोचून ती उठली. पुढची पाच मिनिटं ती जे बोलली ते इथे लिहीत नाही, कारण हा दस्तऐवज नोंदवायचा आहे. एवढंच सांगतो की इस्पितळातल्या कनिष्ठ डॉक्टरांबद्दल मला अकस्मात सहानुभूती वाटली.

मग तिने भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. गॅसची काढली, चावीची काढली. गोळीची राहू दिली. "ती मेट्रनची आहे, म्हातारीची नाही," म्हणाली. एक कोरी चिठ्ठी घेऊन तिच्यावर काहीतरी लिहिलं, माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं आणि आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवली. 'ही व्यक्ती एकटी असताना फिती मोजाव्यात.' हीसुद्धा पुस्तकाबरोबर पत्नीकडे जाईल.

सहाला दहा मिनिटं होती. मी सवयीने पान शोधायला लागलो.

"ठेव ते," ताई म्हणाली. तिने आपला खंड मांडीवर घेतला, कोष्टकाकडे एकदाही न पाहता उघडला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आठशे छत्तीस! तुझ्या सारांशात कुठे असेल ते शोध."

मला सापडायला वेळ लागला. ती घड्याळाकडे बघत राहिली. जिन्यावरून बायकोची पावलं वर येत होती.

सबब कलम ५ रद्द करण्यात येत आहे. त्यातलं देणं या मृत्युपत्राच्या अंमलाची वाट न पाहता फेडलं आहे. वारसांवर त्याचा बोजा नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, माझ्याच चष्म्याने, आणि तो बरोबर आहे.

(सही) चष्मेवाला

साक्षीदार:
१. (सही) शेजारचा शिंपी. सही ओळीच्या खाली गेली आहे, पण त्याचीच आहे.
२. (सही) पुस्तकांच्या दुकानातल्या सिस्टर. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "आता किती वाजता उठता?" उत्तर इथे नोंदवलेलं नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिवस: मंगळवार, स्तोत्रांचा दुसरा आठवडा. आठवडा ताईने तपासला आहे.